लांबकान्याचं नाव

गॉलॉपने काउंटरवरच्या हिरव्या कापडावर दोन रायफली शेजारी शेजारी ठेवल्या, दोन्हींचे बोल्ट मागे ओढून त्या रिकाम्या असल्याचं दाखवलं, आणि स्थळं दाखवणाऱ्या मध्यस्थाच्या अदबीने एक पाऊल मागे सरकला.

“दोन्ही पॉइंट टू-टू. दोन्ही पाच गोळ्यांच्या. घ्या, हातात घेऊन बघा.”

हेडली ॲटवुलने डावीकडची उचलली, खांद्याला लावली, खाली ठेवली. उजवीकडची उचलली, खांद्याला लावली, खाली ठेवली. मग पुन्हा डावीकडची उचलली.

“फरक काय दोघींत?” त्याच्या बायकोने, एनिडने विचारलं. दंतवैद्याकडे बसावं तशी ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती.

“हिचा दस्ता अक्रोडाचा, हिचा बीचच्या लाकडाचा. अक्रोडाची अर्धा पौंड जड. जड असली की नेम हलत नाही, हलकी असली की खांदा दुखत नाही.”

“म्हणजे फरक नाही.”

“असतो ना बाई. कशासाठी हवी त्यावर असतो. कशासाठी हवीय?”

हेडलीने एनिडकडे पाहिलं. एनिडने भिंतीवरच्या भुसा भरलेल्या खोकडाकडे पाहिलं.

“मटणासाठी,” हेडली म्हणाला.

गॉलॉपचा चेहरा गंभीर झाला. “मेंढ्या मारायच्यात?”

“भुयारातलं मटण.”

“भुयारात मेंढ्या?”

“लांबकाने हो!” एनिड वैतागून म्हणाली. “लांब कान, आखूड शेपूट. कोबी खातात, जमीन पोखरतात. आता ओळखा!”

गॉलॉपने ओळखलं. त्याने सुटकेचा श्वास टाकला आणि त्या प्राण्याचं सरळ नाव घेतलं, तेही मोठ्याने. हेडलीने काउंटरची कड घट्ट धरली आणि आधी छताकडे पाहिलं, मग दाराकडे.

गॉलॉपचा इलाज नव्हता. वेमथला दुकान टाकून त्याला सातच महिने झाले होते, त्याआधी तो रेडिंगला होता, आणि रेडिंगला कोणीही कशाचंही नाव घेतं. वेमथहून पोर्टलंड बेट समोर दिसतं. तिथे हे नाव घेत नाहीत. रात्रीच्या वेळी सापाला साप म्हणू नये, तसंच हे. फक्त बेटावर ते दिवसाही म्हणत नाहीत. तिथल्या पांढऱ्या दगडाच्या खाणींत लांबकाने थरांमागची माती पोखरतात आणि मग थर सुटतात. म्हणून खाणीत लांबकान्या दिसला की हातातली हत्यारं ठेवायची आणि सगळ्यांनी घरी जायचं. आणि नुसतं नाव कानावर पडलं, तरी जायचं. खाणीच्या मालकांना हे कधीच पटलं नाही. पण मालक सगळे किंबर्लिन होते, म्हणजे बेटाबाहेरचे, आणि दगड त्यांच्या डोक्यावर पडत नव्हते.

हेडलीच्या परवान्याचंही यातूनच तीन महिने भिजत घोंगडं पडलं होतं. बेटावरच्या सार्जंटने अर्जात ‘कारण’ या रकान्यात इमानेइतबारे ‘भुयारी मटण’ असं लिहिलं. जिल्ह्याच्या कचेरीने अर्ज परत पाठवला. सार्जंटने ‘ते’ असं लिहिलं. अर्ज पुन्हा परत आला. शेवटी कोणा शहाण्याने ‘दफनभूमीस उपद्रव’ असं लिहिलं आणि एका रायफलीची परवानगी आली. एकाच.

“दफनभूमी?” परवाना वाचता वाचता गॉलॉपने विचारलं.

“चर्चच्या मागची,” एनिड म्हणाली. “नव्या पाद्र्याने लेखी दिलंय. रविवारची प्रार्थना सोडून केव्हाही मारा म्हणाला.”

“कोणाची कबर आहे का तुमच्यापैकी?”

“माझ्या नवऱ्याची.”

गॉलॉपने हेडलीकडे पाहिलं.

“आधीच्या,” हेडली म्हणाला. “माझा धाकटा भाऊ.”

पुढच्या पाच मिनिटांत गॉलॉपने ते नाव अकरा वेळा घेतलं. हेडलीने मोजलं. जवळून मारताना, लांबून मारताना, वारा असताना, बसलेल्याला, पळत्याला, असं सगळं तो तपशिलात सांगत होता आणि हेडली दोन रायफली आळीपाळीने उचलत होता. कुठलीही त्याच्या खांद्यावर राहत नव्हती.

“असं नाही कळायचं,” गॉलॉप शेवटी म्हणाला. “चला, खाणीत जाऊ. दोन्ही चालवून बघा.”

“कुठल्या खाणीत?”

“खडूची आहे, डोंगराच्या पलीकडे. केव्हाच बंद पडलीय. मागे उंच कडा आहे, गोळी कुठे जात नाही. मी सगळ्या गिऱ्हाइकांना तिथेच नेतो.”

“माझा खांदा आज जरा—” हेडलीने सुरुवात केली, तोवर एनिड उठून उभी राहिली होती.

“तुझ्या खांद्याचं बसमध्ये येताना काही ऐकलं नाही मी. चल.”

गॉलॉपच्या व्हॅनमध्ये पुढे तिघे बसले, एनिड मधे. वाटेत एकदा एनिड म्हणाली, “परवा कठडा आणखी खचला. डोक्याकडचा,” आणि हेडली “हं” म्हणाला. तीन वर्षांपासून लांबकान्यांनी त्या धाकट्या भावाच्या, अल्बनच्या कबरीखाली घर केलं होतं. इतक्या कबरी सोडून त्याच्याच. शेजारी मृत्यूपर्यंत दारू पिणारा बेन लानो होता, पलीकडे तीन नवऱ्यांना पोचवून मग स्वतः गेलेली मिसेस ओटर होती. त्यांच्याकडे कोणी फिरकलंही नव्हतं. यावर बेटावर कोणी काही बोलत नसे, म्हणजे सगळे बोलत.

खाण पांढरीशुभ्र होती. गॉलॉपने मोकळ्या जागेत घडीचं टेबल मांडलं, त्यावर घोंगडी टाकली, रायफली ठेवल्या. हेडलीची नजर आधीच कड्यावर गेली होती. पंचेचाळीस वर्षांची सवय, तिला पेन्शन मिळत नाही. वरून तिसऱ्या थरात आडवी भेग. भेगेखाली पाणी झिरपल्याचा पिवळा ओघळ. डावीकडे कोपऱ्यात ताजी पडझड. आणि नेमकं त्याच कोपऱ्यात, कड्याच्या तळाशी, गॉलॉपची नेमाची लाकडी चौकट.

“चौकट जरा अलीकडे घेता येईल?” हेडलीने विचारलं.

“का? पन्नास पावलं जास्त वाटतात?”

“नाही. असंच.”

“असू दे हो, इथपर्यंत नेम लागला तर कबरीपर्यंत लागेलच,” असं म्हणून गॉलॉप हातात कागद घेऊन शीळ घालत चालत गेला.

एनिड टेबलाशी उभी होती. तिने अक्रोडाच्या दस्त्यावरून एक बोट फिरवलं.

“हेडली, यातली कुठलीही घे. मला फरक पडत नाही. पण आज घे. तीन महिने परवाना, दोन महिने तुझी कंबर, मग बसचा संप. आज घेतल्याशिवाय मी घरी येणार नाही.”

“घेऊ की. नीट बघून घ्यावी.”

“मी त्या दिवशी नाव घेतलं होतं.”

हेडलीने बोल्ट पुढे केला, मागे केला. “कुठल्या दिवशी?”

“कुठला असेल?”

लांब गॉलॉप चौकटीला कागद टाचत होता. हातोडीचा आवाज कड्यावर आपटून जरा उशिराने परत येत होता.

“फाटकाशी,” एनिड म्हणाली. “अल्बन जेवणाचा डबा विसरून खाणीत निघाला होता. मी धावत जाऊन दिला, आणि चिडवायला म्हणून घेतलं. तुम्ही दोघे भाऊ केवढे घाबरायचात त्याला! लग्न होऊन चार महिने झालेले, मला वाटायचं, सगळ्याच गोष्टींची थट्टा करता येते. त्याने कानांवर हात ठेवले आणि पळाला. हसत पळाला. डबा काखेत.” ती थांबली. “परत घरी यायला हवं होतं त्याने. कायदाच आहे तुमचा. पण तो गेला. का परतलो ते कोणाला काय सांगणार? बायको नाव घेते म्हणून?”

“एनिड.”

“नऊला माणूस आला सांगायला. मी भांडी घासत होते.”

“कोणाला बोलली नाहीस कधी.”

“कोणाला बोलू? तुझ्या आईला?”

“मला.”

“तुला तर नाहीच नाही. तुझा भाऊ होता.” तिने बोट दस्त्यावरून काढून घेतलं. “एकेचाळीस वर्षं मी ते तोंडातून काढलं नाही. आणि आता ते त्याच्या उराखाली घर करून बसलेत. मी बोलावलं त्यांना, हेडली. तेव्हा आता मीच घालवणार. एकूण एक. तू फक्त चाप ओढायचा.”

इथे हेडलीने एक वाक्य बोलायला हवं होतं. वाक्य तयार होतं. एकेचाळीस वर्षं तयार होतं, आणि आता तर त्याला गिऱ्हाईकही मिळालं होतं.

“अक्रोडाची जरा बरी वाटतेय,” तो म्हणाला.

त्या आठवड्यात, म्हणजे एकोणीसशे चौतीसच्या त्या आठवड्यात, हेडली खाणीच्या काठावर क्रेनशी असायचा. सोमवारी त्याला खालच्या कपारीत काहीतरी तपकिरी दिसलं. तो ओरडला. साठ माणसांनी हत्यारं ठेवली आणि घराची वाट धरली. मग कळलं की ती जो लानोची टोपी होती. त्यानंतर रोज सकाळी हेडली कामावर आला की कोणी ना कोणी त्याच्या पुढ्यात टोपी टाकायचं आणि सगळे किंचाळत पळायचं नाटक करायचे. अल्बन सगळ्यांच्या पुढे. शुक्रवारी नऊला दहा मिनिटं कमी असताना हेडलीला पुन्हा कपारीत काहीतरी तपकिरी दिसलं. खाली अल्बन पहार घेऊन उभा होता. हेडलीने मनाशी म्हटलं, टोपी. मग टोपी उठून बसली. तिला कान होते.

थर सुटून अल्बन गेला, त्याच्या चौकशीत साहेबाने प्रत्येकाला विचारलं होतं, काही दिसलं का? साठ जण नाही म्हणाले. त्यातले एकोणसाठ खरं बोलत होते.

“तयार!” गॉलॉप परत आला. “आधी कुठली?”

हेडलीने आधी अक्रोडाची घेतली. टेबलाशी बसून, कोपर टेकवून पाच गोळ्या झाडल्या. मग बीचची, पाच. युद्धात शिकलेलं हात विसरले नव्हते. आवाजही फार नव्हता, सुकी काटकी मोडावी तसा. दर आवाजाला एनिडची मान हलायची, हो म्हटल्यासारखी.

गॉलॉपने जाऊन दोन्ही कागद आणले आणि टेबलावर पसरले. दोन्हींत पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली जातील अशी.

“वा! डोळे आहेत की काय!” गॉलॉप म्हणाला. “पण आता पंचाईत झाली. दोघीही सारख्याच. आता मन म्हणेल ती.”

“घे, संपलं,” एनिड म्हणाली. “बांधा ती जड.”

“पुन्हा एकदा मारून बघतो,” हेडली म्हणाला.

“अरे, कशाला?” एनिड म्हणाली. “लग्न करायचंय का तिच्याशी?”

“एकदाच. लांबून बघू. साठ पावलांवरून.”

“माझ्याशी लग्न करताना एवढा विचार केला असतास तर?” एनिड म्हणाली, आणि गॉलॉप मोठ्याने हसला, आणि नवे कागद घेऊन पुन्हा चौकटीकडे निघाला. रायफली टेबलावर होत्या, बोल्ट उघडे, नळ्या कड्याकडे. हेडलीने एक एक काडतूस मोजून ओळीत ठेवलं. मग ओळ मोडून पुन्हा लावली. बोलायचं तर आता बोलावं. गॉलॉप यायच्या आत. पन्नास पावलं जायला, पन्नास यायला. तो मनात वाक्याची सुरुवात शोधत होता. ‘एनिड, तुझ्या शब्दाने नाही’ अशी एक होती. ‘एनिड, ऐक’ अशी दुसरी. दोन्ही वाक्यं शेवटी एकाच ठिकाणी जात होती.

त्याने वर पाहिलं.

तिसऱ्या थराच्या भेगेवर, पिवळ्या ओघळाच्या अगदी वर, काहीतरी तपकिरी होतं. खाली गॉलॉप पाठमोरा वाकून खिळा शोधत होता.

“बाहेर!”

आवाज हेडलीचा होता, पण तो अडुसष्ट वर्षांच्या माणसाचा नव्हता. “बाहेर ये! टाक ते! वर आहे, वर आहे, बाहेर पळ!”

गॉलॉपने हातोडी टाकली आणि तो पळाला. का, ते विचारायला तो थांबला नाही. त्या आवाजापुढे कोणीच थांबलं नसतं. अर्ध्या वाटेत त्याचं पाऊल घसरलं, तो हातांवर आपटला, उठला, पुन्हा पळाला. टेबलाजवळ येऊन तो वळला आणि धापा टाकत कड्याकडे बघू लागला.

काही पडलं नाही. मूठभर खडूसुद्धा नाही. वरचा लांबकान्या मागच्या पायांवर बसला, त्याने दोन्ही पंजांनी तोंड पुसलं, आणि सावकाश गवतात निघून गेला.

गॉलॉपने गुडघ्यावरचा पांढरा चिखल झटकला. मग तो हसायला लागला. “अहो, हा? यासाठी? त्यालाच तर मारायला रायफल घेताय तुम्ही!” आणि त्याने तेराव्यांदा नाव घेतलं.

एनिड हसली नाही. ती कड्याकडे बघतच नव्हती. ती हेडलीकडे बघत होती.

“केवढ्या लांबून दिसला तुला,” ती म्हणाली.

“हो.”

“चष्मा खिशात आहे तुझा.”

हेडलीने खिसा चाचपला. चष्मा खिशातच होता.

“तेव्हा तर डोळे चांगले होते,” एनिड म्हणाली. ती हळू बोलत होती, भाजी निवडताना बोलावं तशी. “आणि तू वर होतास. क्रेनशी. खालच्यांना दिसत नाही, वरच्याला दिसतं.”

गॉलॉपचं हसू थांबलं. त्याला काही कळलं नव्हतं. पण दुकानदाराला एवढं कळतं की गिऱ्हाइकांचं आता आपल्याशी काम नाही. रायफली तशाच राहू नयेत म्हणून त्याने दोन्ही उचलल्या आणि तो जरा लांब जाऊन उभा राहिला.

“दिसला होता,” हेडली म्हणाला.

“केव्हा?”

“नऊला दहा कमी होते.”

“आणि?”

“मला वाटलं, टोपी.”

“मग?”

“मग हलला.”

“मग, हेडली?”

“सगळे हसले असते,” हेडली म्हणाला.

एनिडच्या चेहऱ्यावर हेडलीला ओळखीचं काही सापडेना. छत्तीस वर्षांच्या संसारात त्याने तिचा राग पाहिला होता, रडू पाहिलं होतं, दोघांच्या मधली ती एक गप्प जागा पाहिली होती आणि तिला अल्बनचं नाव देऊन तो तिथून पाय न वाजवता जात आला होता. आता ती जागा तिच्या चेहऱ्यावर नव्हती. तिथे काय होतं, ते त्याला वाचता येईना.

ती वळली आणि कड्याकडे चालू लागली.

“बाई, तिकडे नको,” गॉलॉप म्हणाला. “हे म्हणतात तसं खरंच असलं तर—”

ती गेली. खडूवर तिचे बूट करकरत होते. चौकटीच्या पलीकडे, थेट भेगेखाली जाऊन ती थांबली, आणि मान मागे टाकून तिने वर पाहिलं. इथून ती फार लहान दिसत होती.

“ससा,” ती म्हणाली.

कड्याने तो शब्द परत दिला. एनिड थांबली, ऐकत. काहीच झालं नाही.

“ससा,” तिने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. मग आणखी मोठ्याने, “ससा! ससा!” गरम घास तोंडात घोळवावा तशी ती तो शब्द घोळवत होती, आणि दर वेळी थांबून वर बघत होती. दर वेळी हेडलीचे खांदे आक्रसत होते. एकदा वाटलं ती हसतेय. एकदा वाटलं नाही.

मग ती वळली.

“हेडली, ये इकडे.”

तो निघाला. पन्नास पावलं होती. ओघळाखालची माती ओली होती, आणि कड्याचा गारवा आधी कपाळाला लागला, मग मानेला. तो तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. वर बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, आणि तो वर बघत होता.

“आता तू म्हण,” एनिड म्हणाली.

मागून गॉलॉपचा आवाज आला, “साहेब, मग कुठली बांधू?” दोन हातांत दोन रायफली धरून तो उभा होता. कोणी वळून पाहिलं नाही.

हेडलीने तोंड उघडलं.